कळ, रकाना आणि नोंद : कारंजा लाडच्या निमित्ताने मराठी अभिलेखांच्या संगणकीय नोंदणीचा मागोवा

प्रस्तावना

विदर्भात कारंजा नावाची दोन तालुक्याची गावे आहेत. एक वाशीम जिल्ह्यातील कारंजा लाड आणि दुसरे वर्धा जिल्ह्यातील कारंजा घाडगे. बोलताना या दोहोंची गल्लत सहसा होत नाही. ऐकणाऱ्याला बोलणारा कोठला हे ठाऊक असते आणि संदर्भ उरलेले काम करतो. संगणकाला मात्र संदर्भ नसतो. काही वर्षांपूर्वी एका संस्थेच्या प्रवेशनोंदीच्या याद्या तपासण्याचे काम प्रस्तुत लेखकाकडे आले होते. त्या याद्यांत वाशीम जिल्ह्यात राहणाऱ्या बऱ्याच विद्यार्थ्यांचा तालुका ‘कारंजा (घाडगे)’ असा लागलेला आढळला. प्रथमदर्शनी हा नोंद करणाऱ्याचा निष्काळजीपणा वाटला. फॉर्म उघडून पाहिल्यावर कारण वेगळे निघाले. तालुक्याच्या रकान्यात निवडसूची होती आणि टंकलेल्या अक्षरांशी जुळणारे पहिले नाव तेथे आपोआप पूर्ण होत असे. ‘कारंजा’ एवढे टंकून एंटरची कळ दाबली की सूचीतील पहिले कारंजा नोंदले जाई. अकारविल्ह्यात ‘घ’ हा ‘ल’च्या आधी येतो, म्हणून पहिले कारंजा घाडग्यांचे ठरले. ज्याने कळ दाबली त्याने गाव बरोबरच टंकले होते. चूक त्याच्या बोटाची नव्हती. त्या कळीने त्या रकान्यात काय करावे हे ज्याने ठरवले, त्या अनाम रचनाकाराच्या निर्णयाची ती होती.

डेटाबेसच्या फॉर्ममध्ये कोणती कळ कोणते काम करील, हे बदलून घेता येते. संगणकशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत या विषयाला फार तर दोन पाने मिळतात. इतिहासाच्या अभ्यासकाने त्याकडे पाहिल्याचे आढळत नाही. परंतु गेल्या सुमारे चार दशकांतील मराठी अभिलेख ज्या रकान्यांतून आत गेले, त्या रकान्यांच्या दारावर या कळी उभ्या होत्या. सदर लेखात या कळींचा इतिहास अभिलेखाच्या अंगाने पाहण्याचा प्रयत्न केला आहे.

पोथी, सूची आणि कित्ता

कारंजा हे गाव नोंदीच्या इतिहासाला नवे नाही. श्रीनृसिंहसरस्वतींचे जन्मस्थान म्हणून ते महाराष्ट्राला परिचित आहे. त्याचबरोबर बलात्कार गण, सेन गण आणि काष्ठा संघ या तीन दिगंबर जैन परंपरांची मंदिरे येथे असून त्यांच्या ग्रंथभांडारांनी या गावाला अभ्यासकांच्या नकाशावर आणले. रायबहादूर हिरालाल यांनी तयार केलेली मध्य प्रांत व वऱ्हाडातील संस्कृत-प्राकृत हस्तलिखितांची सूची १९२६ मध्ये नागपूर येथे प्रसिद्ध झाली. तिच्यात कारंज्याच्या भांडारांतील अपभ्रंश ग्रंथांची दखल घेतली गेली. पुढे कारंजा जैन ग्रंथमालेत पुष्पदंताचे ‘जसहरचरिउ’ प. ल. वैद्य यांच्या संपादनाने १९३१ मध्ये, तर ‘णायकुमारचरिउ’ व कनकामराचे ‘करकंडचरिउ’ हिरालाल जैन यांच्या संपादनाने अनुक्रमे १९३३ व १९३४ मध्ये बाहेर आले. अपभ्रंश साहित्याच्या अभ्यासात या ग्रंथांचे मोल काय आहे, हे वेगळे सांगण्याची गरज नाही.

येथे या संपादनांचा उल्लेख एका विशिष्ट कारणासाठी केला आहे. हस्तलिखिताच्या संपादकाला लेखनिकाच्या चुका ओळखाव्या लागतात आणि त्या चुकांना एक तर्क असतो. ‘व’ आणि ‘ब’, ‘घ’ आणि ‘ध’, ‘प’ आणि ‘ष’ यांचे आकार जवळचे, म्हणून नक्कल करणाऱ्याची नजर तेथे फसते. एकच शब्द लागोपाठच्या दोन ओळींत आला तर मधली ओळ गळते. साधन कोणते आहे हे कळले की चूक कोणत्या जातीची असेल याचा अंदाज बांधता येतो. पाठचिकित्सा ही विद्याशाखा या अंदाजावरच उभी आहे.

सूचीचा तक्ता आणि दफ्तरातील नोंदवही यांचा स्वभाव पोथीहून निराळा. तेथे ओळ वाचायची नसते, रकाना भरायचा असतो. रकान्यात तेच ते लिहिण्याचा कंटाळा टाळण्यासाठी आपल्या कारकुनांनी ‘कित्ता’ हा शब्द वापरात ठेवला. वरच्या ओळीत जे आहे तेच येथे, एवढाच त्याचा अर्थ. कित्त्याने श्रम वाचत आणि वरची ओळ चुकीची असेल तर खालच्या सर्व ओळी तितक्याच शिस्तीने चुकत. ही गोष्ट लक्षात ठेवावी. पुढे संगणकात ती दोनदा भेटणार आहे.

टंकलेखन यंत्राचा वारसा

संगणकाच्या कळफलकावरील दोन कळी, एंटर आणि टॅब, या टंकलेखन यंत्राकडून आलेल्या आहेत. ओळ संपली की गाडी मागे नेऊन कागद एक ओळ वर सरकवणे हे ‘रिटर्न’चे काम होते. तक्ता टंकताना एका रकान्यावरून दुसऱ्या रकान्याच्या ठरलेल्या जागी गाडी नेणे हे टॅब्युलेटरचे. म्हणजे मुळात ओळीची कळ वेगळी व रकान्याची कळ वेगळी होती. १९७१ मध्ये आलेल्या आयबीएमच्या ३२७० या टर्मिनलवरही हाच विवेक पाळला गेला. टॅबने एका रकान्यातून दुसऱ्यात जायचे आणि पडद्यावरचा सर्व फॉर्म भरून झाला की एंटरने तो संगणकाकडे पाठवायचा. एंटर या नावाचा अर्थच तो होता.

मराठी टंकलेखनाने या वारशात आणखी एक भर घातली. गोदरेज कंपनीने १९५५ मध्ये संपूर्ण भारतीय बनावटीचे टंकलेखन यंत्र बाजारात आणले. महाराष्ट्र राजभाषा अधिनियम, १९६४ नंतर शासकीय कामकाजात मराठी टंकलेखकांची गरज वाढत गेली. तालुक्याच्या गावांतून टंकलेखन संस्था चालू लागल्या आणि शासकीय वाणिज्य प्रमाणपत्र परीक्षेतील ३० व ४० शब्दांची गती हा नोकरीचा परवाना ठरला. या यंत्रावर अक्षरे दिसतात त्या क्रमाने टंकावी लागत. ‘कि’ लिहायचा तर आधी वेलांटी, मग ‘क’. अर्धे अक्षर आधी आणि काना नंतर. पिढीच्या पिढी या क्रमाने शिकली. बोटांना जी सवय लागली ती पुढे यंत्र बदलले तरी सुटली नाही. कळफलकाच्या इतिहासात बोटांची सवय ही यंत्राच्या शोधाइतकीच बलवान शक्ती असते.

डॉसचा काळ : रकाना भरला की उडी

देवनागरी संगणकावर आणण्याच्या कामाची सुरुवात कानपूरच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत झाली. तेथे घडवलेले देवनागरी टर्मिनल १९८३ मध्ये दिल्लीच्या तिसऱ्या विश्व हिंदी संमेलनात दाखवले गेले. पुण्यात १९८८ मध्ये स्थापन झालेल्या सी-डॅक या संस्थेने हे तंत्र जिस्ट या नावाने वाढवले. संगणकात जिस्टचे कार्ड बसवले की डीबेस किंवा फॉक्सप्रोसारखी मूळ इंग्रजी आज्ञावली मराठी अक्षरे स्वीकारू लागे. त्यामागे इस्की ही संकेतप्रणाली होती. भारतीय मानक ब्युरोने १९९१ मध्ये तिला आयएस १३१९४ या क्रमांकाने प्रमाण रूप दिले. भूमिअभिलेखांच्या संगणकीकरणाची केंद्रीय योजना १९८८-८९ मध्ये देशातील आठ जिल्ह्यांत प्रायोगिक स्वरूपात सुरू झाली, त्यांत महाराष्ट्रातील एकमेव जिल्हा वर्धा होता. म्हणजे ‘दुसऱ्या’ कारंज्याचा जिल्हा. आपले कारंजा त्या वेळी अकोला जिल्ह्यात होते.

त्या दशकात देशभरच्या लहानमोठ्या कार्यालयांतून डीबेस आणि फॉक्सप्रो यांचे राज्य होते. या आज्ञावलींत माउस नव्हता म्हटले तरी चालेल. सर्व व्यवहार कळीने. आणि येथे जुना विवेक मोडला. फॉक्सप्रोच्या फॉर्ममध्ये एंटर दाबले की कर्सर पुढच्या रकान्यात जाई. ओळीची कळ रकान्याची झाली. नोंद करणाऱ्यांना ते फार सोयीचे पडले, कारण कळफलकाच्या उजवीकडील अंकांच्या चौकटीतही एक एंटर असते. आकड्यांचे रकाने भरताना उजवा हात तेथून हलवावाच लागत नाही. टॅब डाव्या टोकाला असते. दिवसाकाठी शेकडो नोंदी करणाऱ्या माणसाला या अंतराचा अर्थ कळतो.

या आज्ञावलींत कळीचे वर्तन बदलणाऱ्या ज्या सूचना होत्या त्यांत तीन विशेष लक्षात घेण्याजोग्या आहेत. पहिली ‘सेट कन्फर्म’. ती मुळात बंद असे. बंद असताना रकान्याची ठरलेली रुंदी भरली की कर्सर एंटरची वाट न पाहता पुढच्या रकान्यात उडी घेई; घंटा चालू असेल तर एक टिंग वाजे. चार अंकी रकान्यात चुकून पाचवा अंक टंकला तर तो नाहीसा होत नसे, पुढच्या रकान्याचा पहिला अंक बनून बसे. सूचना चालू केली तर उडी थांबे, पण प्रत्येक रकान्यामागे एक कळ वाढे. गती हवी की खात्री, हा प्रश्न अशा एका ओळीत सोडवला जात होता आणि तो सोडवणारा बहुधा कंत्राटी प्रोग्रॅमर असे. त्या कार्यालयाचा अधिकारी नव्हे.

मराठीत हा प्रश्न अधिक बिकट झाला. इस्कीत ‘लक्ष्मीबाई’ या नावाला दहा संकेत लागतात : ल, क, हलन्त, ष, हलन्त, म, दीर्घ वेलांटी, ब, काना, ई. डोळ्याला अक्षरे चारच दिसतात. ‘ज्ञानेश्वर’ या नावाचेही तसेच, दहा संकेत आणि चार अक्षरे. समजा नावाच्या रकान्याची रुंदी २५ ठेवली आहे आणि ‘लक्ष्मीबाई ज्ञानेश्वर पाटील’ असे कल्पित नाव भरायचे आहे. दोन नावे व दोन रिकाम्या जागा मिळून २२ संकेत झाले. उरले तीन. ‘पाट’ एवढे टंकून होताच रकाना भरतो, कर्सर पुढे उडी घेतो आणि ‘ील’ पुढच्या रकान्यावर जाऊन आपटते. तो रकाना आकड्यांचा असेल तर ते नाकारले जाते. डोळ्यांना अकरा अक्षरांचे दिसणारे नाव पंचवीसच्या रुंदीत मावत नाही. ही गोष्ट इंग्रजी नावांवर रकाने आखणाऱ्याच्या सहज लक्षात येणारी नव्हती. जोडाक्षरे जितकी जास्त तितके नाव लवकर तुटणार. त्या काळच्या याद्यांत आडनाव अर्धवट राहिलेले दिसले तर तो टंकणाऱ्याचा आळस समजू नये.

दुसरी सूचना ‘सेट कॅरी’. ती चालू केली की आधीच्या नोंदीतील मजकूर नव्या नोंदीत आपोआप उतरे. हा आपला कित्ताच होय, फक्त तो लिहावा लागत नाही. तो नको असेल तर पुसावा लागतो. जिल्हा, तालुका, गाव हे रकाने दर नोंदीत तेच असतात, म्हणून ही सोय लोकप्रिय असणे स्वाभाविक होते. १ जुलै १९९८ रोजी अकोला जिल्ह्यातून वाशीम जिल्हा वेगळा झाला आणि कारंजा तालुका नव्या जिल्ह्यात आला. अशा वेळी मागच्या नोंदीवरून पुढची नोंद उतरवणाऱ्या फॉर्ममध्ये जुना जिल्हा किती काळ जिवंत राहील, हे केवळ नोंद करणाऱ्याच्या सावधपणावर अवलंबून असते. हाताने लिहिणाऱ्याला नवा जिल्हा आठवावा लागे. येथे जुना विसरता येत नव्हता.

तिसरी ‘सेट फंक्शन’. कळफलकाच्या वरच्या रांगेतील फंक्शन कळींवर हवा तो शब्द बांधून ठेवता येई. एका कळीवर कामरगाव, दुसरीवर मनभा, तिसरीवर पोहा, चौथीवर धनज अशी गावे बांधली की गावाचे नाव टंकण्याचा प्रश्नच उरत नसे आणि ते नेहमी एकाच पद्धतीने लिहिले जाई. शुद्धलेखनाच्या दृष्टीने हा मोठा लाभ होता. पण शेजारची कळ दाबली गेली तर चूक एका अक्षराची होत नसे, अख्खे गाव बदले, आणि ते तंतोतंत शुद्ध लिहिलेले असल्यामुळे तपासणाऱ्याच्या नजरेला खटकतही नसे. बुद्रुक व खुर्द ही जोडगावे शेजारच्या कळींवर ठेवली असतील तर विचारायलाच नको.

नोंदीची कायदेशीर किंमत

एवढ्या बारीकसारीक गोष्टींची चर्चा कशासाठी, असा प्रश्न वाचकाच्या मनात येईल. त्याचे उत्तर महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ मध्ये आहे. या अधिनियमाच्या कलम १५७ नुसार अधिकार अभिलेखातील व फेरफार नोंदवहीतील प्रमाणित नोंद, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत अथवा तिच्या जागी कायदेशीररीत्या दुसरी नोंद येईपर्यंत, खरी मानली जाते. नोंदीच्या बाजूने कायदा उभा असतो. ती चुकीची आहे हे दाखवण्याचा भार ज्याचे नुकसान झाले त्याच्यावर येतो. लेखनप्रमादाच्या दुरुस्तीसाठी कलम १५५ आहे खरे. परंतु हे कलम लिहिले गेले तेव्हा डोळ्यासमोर लेखणी होती.

सातबाऱ्यावरील क्षेत्राचे उदाहरण घ्यावे. क्षेत्र हेक्टर व आर यांत लिहितात आणि मध्ये टिंब देतात. शंभर आर म्हणजे एक हेक्टर. हाताने लिहिताना एक हेक्टर पाच आर हे क्षेत्र कोणी ‘१.५’ असे लिहिले तरी लिहिणाऱ्याला व वाचणाऱ्याला टिंबामागचा पाच हा पाच आर आहे हे समजू शकत होते. तेच टिंब संगणकाच्या आकडी रकान्यात गेले की ते दशांश चिन्ह होते. १.५ म्हणजे १.५०, म्हणजे एक हेक्टर पन्नास आर. फरक पंचेचाळीस आरांचा, सुमारे एक एकर साडेचार गुंठ्यांचा. वऱ्हाडातील कोरडवाहू शेतकऱ्याच्या दृष्टीने ही किरकोळ बाब नव्हे. याला उपाय कळीच्या वर्तनात होता : हेक्टर व आर यांना वेगळे रकाने द्यावेत, आराच्या रकान्यात दोन अंक पुरे झाल्याशिवाय एंटरने पुढे जाऊ देऊ नये, म्हणजे ‘०५’ असेच टंकावे लागेल. येथे उडी मारणारा कर्सर नव्हे, अडून राहणारा कर्सर उपकारक ठरतो. कोणत्या रकान्यात कळीने घाई करावी व कोणत्या रकान्यात हट्ट धरावा, हे रकान्यातील मजकुराच्या स्वभावावर ठरले पाहिजे, आणि मजकुराचा स्वभाव तलाठ्याला ठाऊक असतो. फॉर्म आखताना त्याला कितीदा विचारले गेले असेल?

खिडक्यांचा काळ : एंटरची पुनर्स्थापना

मायक्रोसॉफ्टचे ॲक्सेस १९९२ मध्ये आले. त्याच वर्षी त्या कंपनीने फॉक्सप्रोही विकत घेतले. विंडोजच्या फॉर्ममध्ये रकान्यांतून पुढे जाण्याची रूढ कळ टॅब होती. व्हिज्युअल बेसिकमध्ये केलेल्या फॉर्मवर तर एंटर दाबून पुढे जाताच येत नसे. एका अर्थी हा जुन्या विवेकाकडे परतण्याचा मार्ग होता. पण दरम्यान डॉसवर घडलेली बोटांची एक पिढी तयार झाली होती आणि तिने तो मान्य केला नाही. टॅबऐवजी एंटर चालेल असे करून द्या, ही मागणी जेथे जेथे जुनी आज्ञावली बदलली तेथे तेथे पुढे आली असणार, कारण तिचे उत्तर त्या काळच्या प्रोग्रॅमरांच्या हाती सर्रास दिसते. एंटरचा संकेतांक १३. फॉर्मला कळ आधी स्वतःकडे घेण्याची मुभा द्यायची, संकेतांक १३ आला की तो शून्य करायचा आणि त्याच्या जागी टॅब पाठवायची. संकेतांक शून्य केला की ती कळ दाबलीच गेली नाही असे यंत्र मानते. यंत्राने माणसाच्या सवयीपुढे घेतलेली ही माघार आहे, असे प्रस्तुत लेखकाला वाटते, आणि ती योग्यच होती.

तिची किंमतही मोजावी लागली. टॅब पाठवण्यासाठी ‘सेंडकीज’ ही आज्ञा वापरली जाई. तिच्यामुळे कधी कधी नमलॉक आपोआप बंद पडे आणि अंकांच्या चौकटीतून अंकांऐवजी कर्सरच्या हालचाली होऊ लागत. पुढे विंडोज व्हिस्टा आल्यावर जुन्या व्हिज्युअल बेसिकमधील ही आज्ञा परवानगी नाकारल्याची तक्रार करून थांबू लागली. वर्षानुवर्षे चाललेला फॉर्म एका कळीपायी बंद पडावा, हे अनाकलनीय वाटे.

ॲक्सेसने कळींचे वर्तन आज्ञावलीत न लिहिता पर्यायांच्या यादीत ठेवले. एंटरने पुढच्या रकान्यात जावे, पुढच्या नोंदीत जावे की जागीच थांबावे. रकान्यात शिरताना सर्व मजकूर निवडला जावा की कर्सर शेवटी जावा. बाणाच्या कळीने एक अक्षर सरकावे की एक रकाना, हे सर्व निवडता येते. यातील दुसरा पर्याय वरवर निरुपद्रवी दिसतो. मुळात तो सर्व मजकूर निवडण्यावर ठेवलेला असतो. म्हणजे भरलेल्या रकान्यात नुसते शिरून एक अक्षर जरी टंकले तरी आधीचा मजकूर जातो. जुन्या नोंदी तपासण्यासाठी फॉर्म उघडला असेल तर हे घातक आहे. एस्केप एकदा दाबले की रकाना व दोनदा दाबले की नोंद पूर्ववत होते, पण पुढच्या नोंदीवर जाताच बदल आपोआप साठवला जातो. फॉक्सप्रोत साठवण्यासाठी कंट्रोल आणि डब्ल्यू दाबण्याची सवय असलेल्याला, न सांगता साठवणारे यंत्र ही कल्पनाच नवी होती. २००७ च्या आवृत्तीपूर्वी माउसचे चाक फिरले तरी फॉर्म पुढच्या नोंदीवर जात असे. वाचण्यासाठी फिरवलेल्या चाकाने अर्धवट नोंद कायम व्हावी, अशी ती रचना होती.

कित्ता दुसऱ्यांदा भेटतो तो येथे. ॲक्सेसमध्ये कंट्रोलसह एकेरी अवतरणाची कळ दाबली की मागच्या नोंदीतील त्याच रकान्याचा मजकूर येतो. ‘सेट कॅरी’हून हा कित्ता अधिक समंजस आहे. तो मागितल्यावरच येतो, जुन्या कारकुनाच्या लेखणीप्रमाणे.

फाँट, इनस्क्रिप्ट आणि ‘वऱ्हाड’ शब्दाची दोन रूपे

विंडोजच्या पहिल्या दशकात मराठी मजकूर फाँटच्या आकारसंकेतांत साठवण्याची पद्धत रूढ झाली. टंकलेखन यंत्रावर तयार झालेल्या हाताला ती मानवली, कारण वेलांटी पुन्हा अक्षराच्या आधी आली. छापील कागद सुबक निघे. डेटाबेसच्या पोटात मात्र ‘किसन’ हे नाव ‘क’ने सुरू होत नसे, वेलांटीने सुरू होई. त्यामुळे अकारविल्ह्यात किसन कमलाच्या शेजारी न बसता भलतीकडेच जाई.

युनिकोडने हा गोंधळ बराचसा मिटवला. विंडोज २००० पासून मराठीसाठी इनस्क्रिप्ट कळफलक संगणकातच मिळू लागला. १९८६ मध्ये केंद्र शासनाच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने पुरस्कारलेल्या या रचनेत स्वरचिन्हे डाव्या हाताला व बहुतेक व्यंजने उजव्या हाताला आहेत. ‘कारंजा’ हा शब्द इनस्क्रिप्टवर टंकून पाहावा : क उजव्या हाताने, काना डाव्या, र उजव्या, अनुस्वार डाव्या, ज उजव्या, काना डाव्या. सहा कळी, हात आलटून पालटून. ‘लाड’ही तसाच. गावाचे नाव असे बोटांखालून सरळ जाते, याचा आनंद गावकऱ्यालाच कळेल.

परंतु पोथीच्या संपादकाने अक्षरांचे आकार पाहिले, तसे या काळातील नोंदींच्या अभ्यासकाने कळींची जोडणी पाहिली पाहिजे. इनस्क्रिप्टवर ‘ल’ आणि ‘ळ’ एकाच कळीवर आहेत. शिफ्ट दाबले तर ‘ळ’, निसटले तर ‘ल’. काळे व काले ही दोन्ही आडनावे आपल्याकडे आहेत. त्यामुळे काळेचा काले झाला तर शब्दकोशाला किंवा तपासनिसाला संशय येण्याचे कारण नाही. ‘द-ध’, ‘ग-घ’, ‘त-थ’, ‘ब-भ’ हीही एकेका कळीवरची जोडपी आहेत. ‘म’ आणि ‘ण’ यांचा उच्चारात वा आकारात काही संबंध नाही, तरी ते एका कळीवर राहतात. हस्तलिखितात ‘म’चा ‘ण’ झालेला आढळला तर आपण आश्चर्य करू. इनस्क्रिप्टने भरलेल्या तक्त्यात आश्चर्य करू नये.

आपल्या प्रदेशाच्या नावाची कथा याहून विलक्षण आहे. ‘वऱ्हाड’ या शब्दातील अर्धा र युनिकोडमध्ये दोन प्रकारे टंकता येतो. एक, शिफ्टसह मिळणारा नुक्ताधारी ‘ऱ’ व त्यानंतर हलन्त. दुसरा, साधा ‘र’, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह. पडद्यावर व कागदावर दोन्ही रूपे सारखीच दिसतात. संगणक मात्र त्यांना दोन भिन्न शब्द समजतो. एका प्रकाराने शोध घेतला तर दुसऱ्या प्रकाराने नोंदलेले वऱ्हाड सापडत नाही. ‘शेतकऱ्यांचा’ या शब्दाचेही तेच. डेटाबेस आखणाऱ्याने फॉर्ममध्येच दोन्ही रूपे एक करण्याची व्यवस्था केली असेल तर प्रश्न उद्भवत नाही. ग्रंथालयाच्या सूचीत एखादे पुस्तक ‘नाही’ असे उत्तर मिळाल्यावर आपल्यापैकी किती जण दुसऱ्या कळीने पुन्हा शोधतात?

जालावरील फॉर्म आणि चावडी

भूमिअभिलेखांच्या आधुनिकीकरणाचा राष्ट्रीय कार्यक्रम २००८ मध्ये सुरू झाला. महाराष्ट्रात हस्तलिखित सातबारा संगणकावरील सातबाऱ्याशी ताडून पाहण्याचे काम गावोगाव झाले आणि १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा मिळू लागला. २०२० मध्ये सातबाऱ्याचा नमुना सुधारला गेला व गावाच्या नावासोबत त्याचा संकेतांकही छापला जाऊ लागला. एकाच नावाच्या दोन गावांची गल्लत टाळण्याचा हा खरा उपाय आहे, मात्र तो नावाचा नसून आकड्याचा आहे.

या काळात फॉर्म इंटरनेटच्या जाळ्यावर गेला आणि एंटरने पुन्हा एकदा अर्थ बदलला. जालावरील फॉर्ममध्ये एंटर दाबले की सर्वसाधारणपणे संपूर्ण फॉर्मच पाठवला जातो. १९७१ च्या टर्मिनलवर होते तेच. फॉक्सप्रोवर घडलेला हात पहिल्या रकान्यानंतर सवयीने एंटर दाबतो आणि उरलेला फॉर्म रिकामाच रवाना होतो. म्हणून अनेक फॉर्ममधून एंटरची ही शक्ती आज्ञावलीने काढून घेतलेली असते. म्हणजे तीस वर्षांपूर्वी ज्या कळीला मुद्दाम काम दिले, तिचेच काम मुद्दाम काढावे लागले.

हस्तलिखित व संगणकीय सातबारे ताडण्याच्या त्या मोहिमेत २०१७ मध्ये चावडी वाचनाचा जुना प्रघात नव्याने वापरला गेला. संगणकातून काढलेले सातबारे गावकऱ्यांसमोर मोठ्याने वाचायचे, खातेदारांनी ऐकायचे आणि चूक असेल तर तेथेच सांगायची. मोठ्याने वाचलेल्या नावात काळे आणि काले हा भेद लपत नाही, ‘पाट’ असे तुटलेले आडनाव कानाला ताबडतोब खटकते आणि पाच आरांचे पन्नास झाले तर शेजारच्या बांधावरचा माणूसही उठून उभा राहतो. अदृश्य जोडचिन्हाने लिहिलेले वऱ्हाड आणि नुक्त्याने लिहिलेले वऱ्हाड मात्र कानालाही एकच ऐकू येते. ती चूक चावडीवर सापडणार नव्हती. ती आजही ज्या त्या तक्त्यात, ज्या त्या कळीने टंकली गेली तशीच आहे.